सुरीचें म्यान

शस्त्रांविषयीं लिहिणारे लेखक पात्याचा इतिहास लिहितात. म्यानाचा इतिहास लिहिण्याच्या वाटेस कोणी फारसें जात नाहीं. पोलाद कोठलें, त्यास पाणी कसें दिलें, तें कोणाच्या हातीं कोणत्या रणांत चमकलें, याविषयीं बखरींपासून संग्रहालयांच्या सूचींपर्यंत कांहीं ना कांहीं सांपडतें. म्यानाच्या वांट्यास बहुधा ‘चामडी म्यान, जीर्ण’ एवढेच तीन शब्द येतात. वस्तुतः शस्त्राचें आयुष्य पाहूं गेल्यास त्यांतील घटका-दोन घटका रणांत जातात व बाकीचीं शेंकडों वर्षें म्यानांत जातात. ज्याच्या आश्रयानें शस्त्र टिकलें त्याचीच नोंद इतिहासानें ठेवूं नये, हें कांहींसें विलक्षण आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष गेलें तें एका घरगुती कारणानें. यवतमाळ जिल्ह्यांतील आमच्या घरीं देवघराच्या फडताळांत एक जुनी सुरी आहे. पातें सात इंचांचें, सरळ व एकधारी. मूठ काळ्या शिंगाची. परज मुळींच नाहीं. खंडेनवमीस ती बाहेर काढावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचें, झेंडूचें फूल ठेवावयाचें आणि दसरा झाला कीं पुनः आंत ठेवावयाची, असा क्रम आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. गेल्या नवमीस तिला काढीत असतां म्यान हातांतच मोडलें. वरचें चामडें भुग्यासारखें गळून पडलें व आंतील लाकडी पट्टी दुभंगली. नवें म्यान करवून घ्यावें असें ठरलें. आणि तें करणारा हात शोधीत आम्ही जिल्ह्यांतील चार बाजार हिंडलों, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या सुरीची आम्ही इतकीं वर्षें पूजा केली, तिचें म्यान कोणी केलें हा प्रश्न आमच्या घरांत आजवर एकदांही विचारला गेला नव्हता.

प्रथम सुरीचें कुळ पाहूं. अबुल फझल यानें आईन-इ-अकबरींत शाही शस्त्रागाराची यादी दिली आहे. तींत जमधर, खपवा, कटार या शस्त्रांबरोबर कार्द, गुप्ती कार्द, चाकू अशींही नांवें येतात. परज नसलेली, सरळ व एकधारी अशी जी सुरी तीच कार्द. आमच्या घरची सुरी त्याच घाटाची आहे. परज नसल्यामुळें हिची निम्मी मूठसुद्धां म्यानांत शिरते, आणि हें लक्षण पुढें म्यानाच्या रचनेंत फार महत्त्वाचें ठरतें. त्याच ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन आहे. १५९६ मध्यें वऱ्हाड अकबराकडे आलें, आणि त्या वर्णनांत कळंब हें एका सरकाराचें ठाणें व योत-लोहारा हा एक परगणा म्हणून नोंदलेला दिसतो. यांतील योत म्हणजे आजचें यवतमाळ. लोहारा हें त्याच्या पश्चिमेस तीनएक मैलांवरचें गांव. गांवाच्या नांवावरून तेथील धंद्याचा निष्कर्ष काढणें धोक्याचें असतें, म्हणून तो मोह आम्ही आवरतों.

पोलादाची गोष्ट मात्र निश्चित सांगतां येते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा वाहते. ती उतरून आदिलाबाद-निर्मळच्या वाटेनें गोदावरीपलीकडे गेलें म्हणजे कोनसमुद्रम् हें गांव लागतें. तेथें मुशींत घातलेलें लोखंड भट्टींत तापवून उत्कृष्ट पोलाद करीत असत. डॉक्टर व्हॉयसी यानें तें काम स्वतः पाहून लिहून ठेविलें. त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्यें, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत छापला गेला. हें पोलाद खरेदी करण्यासाठीं थेट इस्फहानचा व्यापारी त्या खेड्यांत येऊन राहत असे, असें तो सांगतो. आमच्या सुरीचें पातें तेथलेंच असें आम्ही म्हणत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, पोलाद करणाऱ्या एका आडगांवच्या भट्टीलाही कोणी एक व्हॉयसी भेटला. म्यान शिवणाऱ्याच्या ओट्याशीं टांचणवही घेऊन बसणारा कोणी भेटला नाहीं.

प्राचीनांनीं मात्र म्यानाचें महत्त्व ओळखलें होतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गलक्षणास स्वतंत्र अध्याय दिला आहे. कारणावांचून खड्ग उपसूं नये, त्यांत तोंड पाहूं नये, त्याची किंमत बोलूं नये, असे निर्बंध त्यानें सांगितले आहेत. त्याच ठिकाणीं तो शकुनही सांगतो: खड्ग कोशांतून बाहेर निघेनासें झालें तर पराजय, आणि आपोआप बाहेर आलें तर युद्ध. वाचणारा यास भाबडी समजूत म्हणेल. परंतु ज्यानें एखादें म्यान हातीं धरून पाहिलें आहे त्यास यांत कारागिराचें सगळें शास्त्र दिसेल. म्यान घट्ट झालें तर ऐन वेळीं पातें अडकतें आणि धनी मरतो. सैल झालें तर घोड्याच्या एका उडीसरशीं पातें निसटतें आणि नको तेथें रक्त सांडतें. जयापजयाचा हा शकुन आकाशांत नसून सुताच्या जाडीएवढ्या अंतरांत आहे. आणि तें अंतर राखणारा हात राजाचा नव्हे, चर्मकाराचा आहे.

आतां तो हात कोणाचा, हें पाहूं. म्यानाचें चामडें तयार होईपर्यंत तें निदान तीन घरांतून फिरत असे. पहिलें घर कातडें कमावणाऱ्या ढोराचें. ओलें कातडें चुन्याच्या निवळींत घालून केंस सोडवावयाचे, खरडून, धुऊन चुना काढून टाकावयाचा, मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यांत तें मुरवावयाचें. मोठें कातडें असेल तर त्याचीच पिशवी शिवून, तींत साल व पाणी भरून, ती तिकाटण्यास टांगून ठेवीत. थेंबथेंब झिरपणारा काढा खालच्या भांड्यांत धरून पुनः वर ओतीत. दुसरें घर चांभाराचें. त्याच्या रापीखालीं व आरीखालीं त्या चामड्याच्या वहाणा, मोटा, वाद्या व आसूड होत. गांवच्या बलुत्यांत त्यास वाटा असे. तिसरें घर जिनगराचें. पण तें खेड्यांत नसून कसब्यांत किंवा सरदाराच्या वाड्याच्या आश्रयानें असावयाचें. जीन, म्यान, ढालीची गादी, पुस्तकाची बांधणी आणि प्रसंगीं चित्रेंसुद्धां हा करी. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत मोची या सदराखालीं जिनगर, जिल्दगर व चित्रकार हीं सारीं नांवें एकत्र दिलीं आहेत, तीं याच कारणास्तव.

या तीन घरांची उतरंड लक्षांत घेण्यासारखी आहे. ओल्या कातड्यापासून जो जितका दूर, तितका समाजांत त्याचा मान अधिक. ढोर सर्वांत खालीं, त्याच्या वर चांभार, त्याच्याही वर आपणांस निराळा म्हणविणारा जिनगर. आणि या सर्वांच्या वर, त्या तिघांच्या श्रमानें गुंडाळलेलें पातें, ज्यास आम्ही देवघरांत ठेवून हळदकुंकू वाहतों. म्यानास देवघरांत प्रवेश होता. म्यान करणाऱ्यास अंगणाच्या आंत नव्हता. आमच्या घरींही हाच प्रकार होता, हें येथें लिहून ठेवणें आम्हांस प्राप्त आहे.

पुष्कळ शोधानंतर आम्हांस एक वृद्ध गृहस्थ भेटले. आठवडी बाजारांत ते वहाणा दुरुस्त करीत बसतात. त्यांचे वडील म्यानें करीत असत व लहानपणीं त्यांनीं तें काम हातानें केलें होतें. त्यांनीं सुरी हातांत घेतली, पात्याकडे ओझरतें पाहिलें आणि मोडक्या म्यानाचे तुकडे मात्र एकेक करून उजेडांत धरले. मग म्हणाले, “भाऊ, पातं कोन्या बी हाताचं चालते, म्यान मातर त्याच पात्याचं लागते जी.” एखाद्या ग्रंथाच्या आरंभीं घालावें असें हें सूत्र होतें. पात्यास दुसरी मूठ बसवितां येते, दुसरा धनी मिळतो. परंतु एका पात्याचें म्यान दुसऱ्यास कधींच नीट बसत नाहीं.

त्यांनीं केलेलें काम आम्ही तीन आठवडे पाहिलें. प्रथम लांकूड. साग हें या जिल्ह्याचें वैभव. परंतु त्यांनीं सागास हात लाविला नाहीं, सांवरीची फळी मागितली. सांवरीचें लांकूड हलकें व मऊ; त्यावर घासून धार जात नाहीं. त्याच्या दोन पातळ पट्ट्या करून, प्रत्येकींत पात्याच्या अर्ध्या जाडीएवढी खांच कोरली. पात्यास तेलाचें बोट लावून तें खांचेंत बसवावयाचें, काढावयाचें, जेथें तेलाचा डाग उमटेल तेथें तेवढेंच लांकूड खरडावयाचें. असें पन्नासएक वेळां झालें. खांचेचा तळ धारेस कोठेंच टेकतां कामा नये. पातें पाठीवर व कडांवर टेकावें आणि धार अधांतरीं राहावी. मुठीकडील तोंड मात्र किंचित् निमुळतें ठेवावयाचें. कारण परज नसलेल्या सुरीस पकड असते ती याच ठिकाणीं. चामड्यांत थेट पातें घालण्याचा आजचा प्रघात त्यांस मुळींच मान्य नव्हता. सालीनें कमावलेल्या चामड्यांत आंबटपणा राहतो, तें हवेंतील ओल धरतें, आणि पावसाळा उलटतांच पात्यावर तांबेरा चढतो. म्हणून लांकडाचा पडदा हवाच, असें त्यांनीं सांगितलें.

दोन्ही पट्ट्या चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, दोऱ्यानें आवळून, त्या वाळूं दिल्या. नंतर नक्षी. चामड्यावर कोरीव काम होईल अशी आमची कल्पना होती. पण नक्षी आरंभीं लांकडावरच झाली. खळींत भिजविलेला जाड दोरा त्यांनीं पट्टीवर वेलीच्या वळणानें चिकटविला: एक लांब देठ, त्याच्या दोहों बाजूंस पानें, टोंकाशीं एक कळी. मग बकऱ्याचें पातळ कातडें पाण्यांत भिजवून, ताणून, त्यावर चढविलें आणि शिंगाच्या बोथट सळईनें दोऱ्याच्या कडेकडेनें दाबीत गेले. कातडें वाळून आंवळलें तेव्हां आंतील वेल वर उठून दिसूं लागली. पाठीमागील शिवण आरीनें भोंकें पाडून, एकाच मेणदोऱ्याचीं दोन टोंकें समोरासमोरून ओवून घातली. असा एक टांका तुटला तरी दुसरा सुटत नाहीं. काळा रंग बाजारचा न घेतां, लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यांत आंबवून केला; हिरड्याच्या कसाशीं त्याचा संबंध येतांच चामडें काळें पडतें. वेलीच्या पानांवर तेवढा लाखेचा तांबडा हात फिरविला. तोंडाशीं पितळेची मोहनाळ व टोंकाशीं तहनाळ हवी होती. तोंडाची कासाराकडून करवून आणिली, आणि टोंकाशीं मात्र चामड्याचीच वेणी गुंफून बोंड केलें. ‘गरिबाची तहनाळ’ असें तिला त्यांचे वडील म्हणत.

असें काम करणारे हात गेले कोठें? याचें उत्तर या जिल्ह्याच्या राजकीय इतिहासांत आहे. अठराव्या शतकांत वऱ्हाडावर निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. जेथें दोन वसुली तेथें दोन फौजा, आणि जेथें फौजा तेथें जीन व म्यान यांना मागणी. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. १८१८ च्या एप्रिलांत दुसरा बाजीराव चांद्याकडे जाण्याच्या हेतूनें याच जिल्ह्यांत शिरला; पांढरकवड्याच्या परिसरांत कर्नल ॲडम्स याच्या फौजेनें त्यास गांठून त्याचें सैन्य उधळून लाविलें, व जूनमध्यें तो माल्कमच्या स्वाधीन झाला. त्या दिवशीं पेशव्यांच्या अखेरच्या फौजेबरोबर तिचें सामान पुरविणारा एक सारा कारागीरवर्गही निराश्रित झाला. पण त्याची शरणागति कोणी लिहून घेतली नाहीं. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १८७८ मध्यें ब्रिटिश हिंदुस्थानांत हत्यारांचा कायदा झाला. वऱ्हाड नांवानें निजामाचें असल्यामुळें तेथें ब्रिटिश कायदे निराळ्या हुकुमांनीं लागू केले जात. तथापि निःशस्त्रीकरणाचें धोरण दोहोंकडे सारखेंच होतें. तलवारी अडगळींत गेल्या आणि म्यान ही वस्तु बाजारांतून उठली. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्यानें निर्बंध पुष्कळ सैल केले. सुऱ्यांच्या बाबतींत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचाच त्या कायद्याखालील नियमांत हत्यार म्हणून उल्लेख आहे, त्यामुळें आमच्या सुरीसारख्या सुऱ्यांवर आक्षेप उरला नाहीं. पण तोंवर कारागीर उरले नव्हते.

ते हात रिकामे मात्र बसले नाहींत. या जिल्ह्यांत कापसाचा व्यापार वाढला. सरकी काढण्याच्या कारखान्यांतील चरक्यांच्या लाटांना चामडें लागे, यंत्रांना चामडी पट्टे लागत. म्यान शिवणाराच्या नातवानें तेथें पट्टे शिवले. मळ्यांतून मोटा होत्या, त्याही पुढें पंपांनीं घालविल्या. अशा रीतीनें एकेक काम संपत गेलें व शेवटीं रस्त्याच्या कडेची वहाण तेवढी राहिली. एक योगायोग येथें नमूद करावासा वाटतो. या जिल्ह्यांतील ज्या पात्याची विसाव्या शतकाच्या इतिहासानें नोंद घेतली तें तलवारीचें नव्हे, विळ्याचें आहे. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतील गवत कापून जंगलसत्याग्रह केला. विळ्यास म्यान नसतें; तो रोजचा असतो.

आतां या लेखांतील खऱ्या अडचणीकडे येतों. असा सुंदर हुन्नर बुडूं नये, असें म्हणणें सोपें आहे. वर्धा नदीपलीकडे, नालवाडी येथें, १९३० नंतरच्या दशकांत गोपाळराव वाळुंजकर यांनीं चर्मालय चालविलें. मेलेल्या जनावराचें कातडें सुशिक्षित, सवर्ण हातांनीं कमवावें व त्या कामाचा कलंक धुवावा, हा गांधीजींच्या विचारसरणीचा तो प्रयोग होता. त्याच्या कांहीं वर्षें आधीं, मार्च १९२७ मध्यें, महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांस मेलेलीं जनावरें ओढण्याचें काम सोडून द्या असा उपदेश केला होता. एक म्हणतो, काम पवित्र करा. दुसरा म्हणतो, ज्या कामानें माणूस अपवित्र ठरविला तें आधीं टाका. दोघांचाही हेतु माणसास उभें करण्याचा. परंतु निर्णय कोणीं करावयाचा, हा प्रश्न दोहोंत निराळा आहे. ज्यानें पिढ्यान् पिढ्या तें काम नाइलाजानें केलें, त्यास तें चालू ठेव असें सांगण्याचा अधिकार ज्यानें तें कधींच केलें नाहीं त्यास कसा पोहोंचेल?

हा प्रश्न आम्ही त्या वृद्ध गृहस्थांसच केला. त्यांचा मुलगा नोकरींत आहे. नातू शिकतो आहे. हुन्नर कोणास शिकवावासा वाटतो काय, असें विचारतां ते कांहीं वेळ शिवण ओढीत राहिले. मग म्हणाले, “पोराले नाही शिकवलं, ते मीच ठरवलं. आता कोनी हौसेनं आलं त शिकवीन. तुमचा पोरगा आला त त्याले बी शिकवीन.” या उत्तरांत नालवाडीही होती व महाडही होतें, आणि आमच्या वाचनांत आलेल्या कोणत्याही मांडणीपेक्षां तें अधिक नेमकें होतें. हुन्नर वांचवावयाचा असेल तर तो जन्मावरून सोडविला पाहिजे. जोंवर तो एकाच घराच्या गळ्यांत बांधलेला आहे तोंवर त्या घरानें तो टाकून देणें हाच त्याचा न्याय्य शेवट होय. महाराष्ट्र सरकारनें १९७४ मध्यें चर्मकारांसाठीं स्वतंत्र महामंडळ काढलें. २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळें कातड्याच्या बाजाराचें स्वरूप बदललें. या सर्वांचे परिणाम धंद्यावर होतात. पण मूळ गांठ कायद्यानें अथवा भांडवलानें सुटणारी नाहीं. आरी हातीं धरावयास आमच्यासारख्यांचीं मुलें तयार आहेत काय, हा तिचा खरा धागा आहे.

काम संपल्यावर आम्ही त्यांस सुचविलें कीं, म्यानावर आपलें नांव घालावें. त्यांनीं नकार दिला; म्यानावर नांव कोणी घालीत नाहीं, असें म्हणाले. मग आम्ही निराळी विनंति केली. आंतील जुन्या पट्टीचा एक तुकडा आम्ही जपून ठेविला होता. त्यावर त्यांनीं आपलें व आपल्या वडिलांचें नांव पेन्सिलीनें लिहून दिलें. जुनें म्यान त्यांच्या वडिलांनींच केलें होतें असें नव्हे. तें कोणी केलें हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु ज्यांचीं नांवें गेलीं त्यांच्या जागीं निदान हीं दोन राहतील. त्यांची इच्छा नाहीं म्हणून तीं आम्ही येथें छापीत नाहीं. तो तुकडा सुरीजवळच फडताळांत ठेविला आहे.

यंदाच्या खंडेनवमीस ते आमच्या घरीं आले व देवघरासमोर पाटावर बसले. सुरी त्यांनींच म्यानांतून काढली. अडली नाहीं, निसटलीही नाहीं. वराहमिहिराचे दोन्ही अपशकुन टळले. तिला हळदकुंकू वाहिल्यावर आमच्या घरांतील वडील बाईंनीं उरलेलें बोट म्यानास लाविलें. इतक्या वर्षांत तसें कधीं झालें नव्हतें.